आधी मराठीत सांगा

"मला इंग्रजी येत नाही हो," असं म्हणून रडणाऱ्या माणसाला निमकरबाईंच्या घरी चहा मिळत नसे. पाणी मिळे, तेही मागितलं तर. "येत नाही तर नाही. त्यात सुतक पाळण्यासारखं काय आहे?" असं विचारून त्या समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवत. वेताची खुर्ची होती, आणि तिचा एक वेत नेमका मांडीला टोचेल असा सुटलेला होता. तो त्यांनी कधी दुरुस्त करून घेतला नाही. "शास्त्रज्ञ बसले की उठत नाहीत," हे त्यावर त्यांचं स्पष्टीकरण.

बाई एका मोठ्या संशोधन संस्थेच्या प्रकाशन विभागात नोकरीला होत्या. तिथल्या शास्त्रज्ञांचे निबंध परदेशी नियतकालिकांकडे जाण्याआधी त्यांच्या टेबलावरून जात. कागदोपत्री त्यांनी फक्त टायपिंगच्या चुका बघायच्या होत्या. प्रत्यक्षात त्या अख्खा निबंध उसवून पुन्हा शिवत. निवृत्त झाल्यावर त्या आणि त्यांचे यजमान कोथरूडला एका सोसायटीत तळमजल्यावर राहायला आले. कोथरूड तेव्हा नुकतं वसत होतं. रस्त्यावर खडी, बसचा भरवसा नाही, आणि रिक्षावाला "तिकडून रिकामं यावं लागतं" म्हणून नाक मुरडणार. तरीही लोक बाईंचा पत्ता काढत येत. शेतकीवाले, रसायनवाले, प्राणिशास्त्रवाले, एकदा तर एक दंतवैद्य आले होते. प्रत्येकाच्या काखेत एक फाइल असे आणि चेहऱ्यावर दवाखान्यात आल्याची कळा.

दारावर पाटी होती: "येथे इंग्रजी सुधारून मिळत नाही. काय म्हणायचे आहे ते ठरवून यावे." पाटी वाचून परत गेलेली माणसं मला माहीत आहेत. त्यांतली बरीचशी पुढे मोठ्या पदांवर गेली, हेही खरं.

मी एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होतो. टाकळ्याचं बी वर्षानुवर्षं मातीत पडून राहतं आणि मग एखाद्या साली अचानक का उगवतं, यावर मी काम केलं होतं आणि त्यावरचा माझा निबंध दोन ठिकाणांहून साभार परत आला होता. नारायण पेठेतल्या माझ्या घरून बस पकडून, खडीतून चपला घासत मी त्यांच्याकडे पोचलो. फाइल पुढे केली. बाईंनी ती न उघडता कपाटावर टाकली.

"आधी मराठीत सांगा," त्या म्हणाल्या. "मला नाही. अण्णांना."

अण्णा म्हणजे त्यांचे यजमान. बँकेतून निवृत्त झालेले. विज्ञानाशी त्यांचा संबंध घरातल्या फ्यूजपुरता. ते टेबलाशी भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले होते आणि त्यांच्या कोपराशी सकाळचं वर्तमानपत्र घडी करून ठेवलेलं होतं. मी घसा खाकरून सुरुवात केली. बीजाची सुप्तावस्था, तिची विविध कारणं, त्यावर जगभर झालेलं काम. अण्णांनी शेंगा बाजूला सारल्या आणि वर्तमानपत्र उघडलं.

"पुढच्या रविवारी या," बाई म्हणाल्या.

मला विलक्षण राग आला. पदवीधरांना शिकवणारा माणूस मी, आणि माझी परीक्षा एक शेंगा सोलणारा गृहस्थ घेणार? दारापर्यंत गेलो आणि तिथून तणतणत म्हणालो, "अहो, साधी गोष्ट आहे. बी मेलेलं नसतं. त्याची साल इतकी कडक असते की पाणी आत शिरत नाही. गुरांच्या खुराखाली ती खरवडली गेली की पाणी शिरतं आणि बी उगवतं. एवढंच आहे सगळं!"

अण्णांनी वर्तमानपत्र खाली केलं. "म्हणून गुरांच्या वाटेवर टाकळा जास्त दिसतो होय? मग?"

"बसा," बाई मला म्हणाल्या आणि आत चहाचं आधण ठेवायला गेल्या. "आत्ता जे बोललात ना रागावून, ते निबंधाचं पहिलं वाक्य. तुमच्या फाइलीत ते कितव्या पानावर आहे?"

फाइलीत ते नव्हतंच. होतं ते सगळं इतरांचं काम, आणि शेवटी "असे असू शकण्याची शक्यता नाकारता येत नाही" या थाटाचं काहीतरी. बाई म्हणत, आपल्या लोकांच्या निबंधात लेखक पडद्याआडून बोलतो, मुलगी बघायच्या कार्यक्रमातल्या मुलीसारखा. चहाचा ट्रे दिसतो, हात दिसतात, आवाज येत नाही. याला त्या विनय मानत नसत. "भित्रेपणा आहे हा. आणि वर त्याला संस्कार म्हणायचं!"

ही त्यांची पद्धत होती आणि ती त्यांनी कुणासाठीही सैल केली नाही. अण्णांच्या तोंडून "मग?" निघेपर्यंत कागदाला हात नाही. "मग?" निघालं की बाई आपला चष्मा पुसत आणि इंग्रजीला लागत. तेही त्या स्वतः लिहीत नसत. "हे वाक्य तुम्ही मराठीत कसं म्हणालात? तसंच छोटं म्हणा." माणूस अडखळत म्हणे. "अजून छोटं." असं करत करत त्याच्याच तोंडून निबंध बाहेर पडे. माझा पडला. छापूनही आला. छापलेला निबंध घेऊन मी गेलो तेव्हा बाईंनी तो उभ्या उभ्या वाचला आणि म्हणाल्या, "चौथ्या परिच्छेदात पुन्हा घाबरलात."

पुढे मी रविवारी त्यांच्याकडे जाऊ लागलो तो काही कामासाठी नाही. तिथे जे चाले ते बघायला मला आवडे, आणि त्यांना टायपिंग करणारं कुणीतरी हवं होतं.

इंग्रजीबद्दल त्यांना प्रेम नव्हतं असं नाही. चांगलं वाक्य दिसलं की त्या ते अण्णांना वाचून दाखवत आणि अण्णा न समजताही मान हलवत. पण इंग्रजीपुढे वाकलेला माणूस त्यांना बघवत नसे. "इंग्रजी ही पोस्टाची पेटी आहे," त्या म्हणत. "टपाल आपलं. तुम्ही लोक टपाल घरी विसरता आणि पेटीला फुलं वाहता." हे त्या इतक्यांदा म्हणाल्या असतील की शेवटी शेवटी अण्णाच ते वाक्य आतून पूर्ण करीत.

त्यांची आणखी एक अट होती आणि तिच्यापायी बरेच लोक दुखावले. निबंधाच्या शेवटी आभार मानतात, त्यात भाषेच्या मदतीबद्दल निमकरबाईंचं नाव आलंच पाहिजे. एक विभागप्रमुख होते. मोठा माणूस. ते बाईंकडे येत ते भाजीच्या पिशवीत फाइल घालून, वर मेथीची जुडी ठेवून. विद्यार्थ्यांनी बघितलं तर? बाई मुद्दाम खिडकीतून ओरडत, "अहो प्रोफेसर, आलात का निबंध घेऊन? या, या!" समोरच्या बिल्डिंगमधल्या बायका गॅलरीत येत. त्यांचा निबंध छापून आला तेव्हा आभारात बाईंचं नाव नव्हतं. वर्षभरानं तेच गृहस्थ दुसरा निबंध घेऊन आले. बाईंनी त्यांना पाणी दिलं आणि आधीच्या निबंधातले आभार मोठ्यानं वाचून दाखवले. कुलगुरूंचे आभार, पत्नीचे आभार, बागेतल्या माळ्याचे आभार. "छान," त्या म्हणाल्या. "आता या वेळी माळ्याकडे जा."

ते गेल्यावर मी म्हणालो, "बाई, नावाचं एवढं काय घेऊन बसलात?"

"तुम्ही चष्मा लावता तो लपवून लावता का?" त्या म्हणाल्या. "मदत घेतली यात लाज नाही. लपवली यात आहे. याला दिसत नाही म्हणून चष्मा लागतो, आणि हा जगाला सांगतो माझे डोळे गरुडाचे. मग मागून येणाऱ्या पोराला वाटतं, मलाच दिसत नाही, मीच मठ्ठ."

त्या दिवशी त्या आत गेल्यावर अण्णांनी मला हळूच सांगितलं की संस्थेत बाईंनी सारी नोकरी काढली, पण तिथल्या एकाही निबंधाच्या तळाशी त्यांचं नाव आलं नाही. निरोप समारंभात त्यांना "टायपिंगमध्ये काटेकोर" असं म्हटलं गेलं. बाई स्वतः याबद्दल कधी बोलल्या नाहीत. मला मात्र त्याचा आजही संताप येतो.

सोपानला त्यांच्याकडे मीच घेऊन गेलो. सोपान पायगुडे माझा जुना विद्यार्थी. शहरानं नुकत्याच पोटात घेतलेल्या एका गावचा. घरी कांद्याची शेती आणि कांद्याची चाळ, म्हणजे कांदा साठवायची लांबलचक, हवेशीर झोपडी. चाळीतला कांदा का सडतो यावर तो पीएचडी करत होता. अण्णांपुढे तो उभाच राहिला, बसला नाही.

"काका, लोक म्हणत्यात कांदा चाळीत सडतो. चाळ दमट, चाळीला वारा न्हाई. पण तसं न्हाई ते. जो कांदा सडतो तो शेतातच आजारी पडल्याला असतो. वरनं दिसत न्हाई. चाळीत नुसता उघडा पडतो."

अण्णांच्या हातातली शेंग हातातच राहिली. "मग आम्ही चाळीला उगाच शिव्या देतो?"

"तेच म्हणतो मी."

"मग?"

इतक्या लवकर "मग?" निघालेलं मी पाहिलं नव्हतं. बाई हसत हसत कपाटावरून फाइल काढायला उठल्या. पहिलं पान बघितलं आणि त्यांचं हसू मावळलं. निबंधाच्या मथळ्याखाली लेखकांची नावं होती. आधी प्राचार्य, मग विभागप्रमुख, मग प्रयोगशाळेचे प्रमुख, मग गाईड, आणि सर्वांत शेवटी सोपान.

"ही लग्नपत्रिका आहे का?" बाईंनी विचारलं. "वरती कुलदैवत राहिलं की."

सोपान गोंधळला. त्याच्या दृष्टीनं त्यानं काहीच वावगं केलं नव्हतं. वडीलधाऱ्यांची नावं आधी, आपलं शेवटी, हे त्याला घरातून आलेलं होतं. पत्रिकेत आजोबांच्या आधी नवरदेवाचं नाव कोण घालतं? शास्त्राच्या निबंधात पहिलं नाव म्हणजे काम कुणाचं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. किंवा ज्यांनी सांगायचं त्यांना ते न सांगणं सोयीचं होतं.

बाईंनी एकेका नावावर बोट ठेवलं. "प्राचार्यांनी काय केलं?"

"परवानगी दिली."

"आभारात. विभागप्रमुखांनी?"

"खोली दिली."

"आभारात. लॅबच्या प्रमुखांनी?"

सोपाननं बराच विचार केला. "किल्ली दिली."

"आणि गाईडनी?"

"त्यांनी शिकवलं, बाई. मायक्रोस्कोपला डोळा कसा लावायचा ते त्यांनीच शिकवलं."

"मग ते राहतील. तुझ्यानंतर."

"सरांच्या आधी माझं नाव?" सोपानचा चेहरा खरोखर पांढरा पडला. "मला घरात घेणार न्हाईत."

"घर कुणाचं, तुझं का सरांचं?" बाई म्हणाल्या.

नावांच्या नव्या क्रमावर गाईडनी सही केली, पण कपाळाला आठी घालून. निबंध परदेशी गेला आणि काही महिन्यांनी परत आला. दोन परीक्षकांचे अभिप्राय सोबत होते. एकाला काम आवडलं होतं. दुसऱ्यानं चारच ओळी लिहिल्या होत्या: निबंधाची भाषा अपुरी आहे, ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे अशा कुणाकडून तो पुन्हा लिहून घ्यावा.

बाईंनी ते वाचलं, उलटून पाहिलं, मागे काही आहे का ते पाहिलं. "यात कांदा कुठे आहे?" त्यांनी विचारलं. मी त्यांना इतकं शांत कधी पाहिलं नव्हतं आणि ते काही बरं लक्षण नव्हतं.

गाईडना मात्र मार्ग दिसला होता. त्यांचे एक मित्र परदेशात मोठे शास्त्रज्ञ होते. ते निबंध स्वतःच्या इंग्रजीत लिहून देणार, त्यांचं नाव पहिलं असणार, आणि मग तो कुठेही छापला जाणार. सोपानचं नाव तिसरं. "छापून तर येईल," गाईड त्याला म्हणाले. "कोण बघतंय नावं?" आणि विभागात एक जागा निघणार होती. मुलाखतीच्या आधी छापलेला निबंध हातात असेल तर ती सोपानला मिळेल, हे त्यांनी सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं.

बाईंनी आधी परदेशच्या संपादकांना उत्तर लिहिलं. टाइप मी केलं. त्याचा मथितार्थ असा होता: निबंधातला एकही शब्द न बदलता तो परत पाठवत आहोत. जी वाक्यं समजली नाहीत त्यांच्याखाली रेघा मारून पाठवाव्यात, ती सगळी सुधारू. आणि सगळी समजली असतील, तर कृपा करून कांद्याबद्दल बोलावं. मी भीत भीत दोन ठिकाणी "कृपया" घातलं होतं. त्यांनी एक काढलं.

"बाई, ते चिडतील," मी म्हणालो.

"चिडू देत. लोकांना वाटतं परीक्षक म्हणजे देवळातला गुरव, त्याच्या हातून प्रसाद घ्यायचा. अहो, तोही आपल्यासारखाच मास्तर आहे. त्याला म्हणावं, वही नीट तपास."

उत्तर यायला बराच काळ गेला. मला वाटलं, संपलं. पण आलं. संपादकांनी कोरडेपणानं कळवलं होतं की एकाही वाक्याखाली रेघ मारायची गरज भासली नाही. मात्र हा निष्कर्ष एकाच हंगामाच्या पिकावर बेतलेला आहे. आणखी एका हंगामात तेच आढळलं तर निबंध घेता येईल.

बाईंनी त्या दिवशी शिरा केला. "बोलले! कांद्याबद्दल बोलले!" त्या स्वयंपाकघरातून ओरडत होत्या. "बरोबर आहे त्यांचं. एका हंगामावरून कसं सांगता? मी परीक्षक असते तर मीही हेच विचारलं असतं!" टीका आली म्हणून शिरा करणारी माणसं मी दुसरी पाहिलेली नाहीत.

सोपान शिरा खात नव्हता. आणखी एक हंगाम म्हणजे ती मुलाखत निघून जाणार. आणि गाईडनी सांगितलं होतं, मित्राला निबंध द्यायचा नसेल तर पुढच्या हंगामासाठी प्रयोगशाळेची आशा ठेवू नकोस. घरी वडील म्हणत होते, मिळतंय ते घे. ताटली बाजूला ठेवून त्यानं विचारलं, "बाई, देऊ का त्यांना? काय करू सांगा."

मला वाटलं बाई फटकारतील. त्यांनी तसं काही केलं नाही. "मी सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "नाव तुझं आहे आणि पोटही तुझं आहे. मला पेन्शन मिळते, मी शौर्य दाखवणं सोपं आहे. फक्त एक कर. तो निबंध अण्णांना सांग. मराठीत. पण शोध त्या परदेशी गृहस्थांनी लावला असं सांग. त्यांचं नाव घेऊन."

अण्णा टेबलाशी सरसावून बसले. सोपान उभा राहिला. "डॉक्टर अमुक अमुक यांना असं आढळलं," तो म्हणाला, "की कांदा जो आहे तो... की त्यांनी शेतात..." तो थांबला. पुन्हा सुरुवात केली. "त्यांनी शेतातले कांदे उपटून..."

अण्णांनी नेहमीसारखं वर्तमानपत्राकडे बघितलं नाही.

"त्यांनी आमचं शिवार बघितलंबी न्हाई, काका," सोपान म्हणाला. "माझी आई उन्हाची कांदे उपटून द्यायची मला, चिठ्ठ्या बांधून. हे कसं काय सांगू मी?"

"मग नको सांगूस," अण्णा म्हणाले.

तो हंगाम सोपाननं घरच्या शेतावर केला. मायक्रोस्कोप मी आमच्या कॉलेजातून नेऊन दिला, नियम थोडे वाकवून. मुलाखत झाली, जागा दुसऱ्याला गेली. त्या आठवड्यात गाईड स्वतः बाईंच्या घरी आले. मी तिथेच होतो. त्यांनी खुर्ची नाकारली.

"तुमच्या हट्टापायी एका गरीब घरच्या मुलाची नोकरी गेली," ते म्हणाले. "तुम्हाला काय, तुमची तत्त्वं झाली. उद्या तो कांदे विकेल."

"कांदे तर तुम्हीही विकायला निघाला होतात," बाई म्हणाल्या. "फक्त त्याचे."

गृहस्थ तडक निघून गेले. मला मनातून टाळी वाजवावीशी वाटली, पण ती इच्छा फार टिकली नाही. कारण नोकरी गेलीच होती. बसथांब्यापर्यंत बाई माझ्याबरोबर चालत आल्या तेव्हा मी ते बोललो. म्हणालो, "बाई, गाईड म्हणाले त्यात तथ्य आहे. सोपानकडे आता ना जागा ना निबंध."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. थोडं चालून पुन्हा म्हणाल्या, "मला जेवण जात नाहीये त्यानं. पण तुम्हाला सांगते, मी टेबलाशी बसून इतकी वर्षं हेच पाहिलं. दर वेळी कुणीतरी म्हणायचं, या वेळी जाऊ दे, पोराचं पोट आहे. पोराचं पोट भरायचं, आणि पोर मोठं झालं की दुसऱ्या पोराच्या ताटात हात घालायचं. कुणीतरी एकदा नाही म्हणायला पाहिजे ना? मग त्याचं नुकसान होतं. ते मला आवडत नाही, पण होतं." बस आली. चढताना मी मागे वळून बघितलं तर त्या खडीतून ताठ चालत घराकडे निघाल्या होत्या.

दुसऱ्या हंगामातही कांदा शेतातच आजारी पडला. सोपाननं तेच छोट्या छोट्या वाक्यांत लिहिलं, या वेळी बाईंना फक्त वाचून दाखवलं. त्या मध्ये बोलल्या नाहीत. निबंध स्वीकारल्याचं कळलं तेव्हा तो एका तालुक्याच्या गावी कॉलेजात तात्पुरत्या जागेवर शिकवत होता. पुढे तिथेच कायम झाला. पुण्यातली ती जागा त्याला पुन्हा मिळाली नाही.

छापलेला अंक घेऊन तो पुण्यात आला तोवर बाईंनी अंथरूण धरलं होतं. हृदयाचं दुखणं. डॉक्टरांनी पायऱ्या चढायला बंदी घातली तेव्हा "तळमजल्यावर राहते मी" म्हणून त्यांनाच ऐकवलं होतं. पण आता उठून बसायलाही उशी लागे. अण्णांनी उशी लावली, चष्मा दिला. सोपाननं निबंधाचं पान उघडून त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि हात जोडून पायाशी उभा राहिला.

मथळ्याखाली पहिलं नाव सोपानचं होतं. तिसरं त्याच्या गाईडचं. एवढं सगळं होऊनही त्यानं ते ठेवलं होतं. आणि मधे, दुसरं नाव, शकुंतला निमकर.

मला याची काहीच कल्पना नव्हती. शेवटच्या प्रुफाच्या वेळी त्यानं ते परस्पर घातलं होतं. बाई पानाकडे बघत राहिल्या. बोटानं त्यांनी ते नाव एकदा चाचपलं. मी अण्णांकडे बघितलं, अण्णा खिडकीकडे बघत होते.

"हे कुणी केलं?"

"मी," सोपान म्हणाला. "तुमच्याशिवाय झालंच नसतं, बाई."

"झालं नसतं. हे खरं आहे. पण म्हणून मी ते केलं असं होत नाही." त्या थांबल्या, दम घेतला. "माझी जागा आभारात. तिथे आहे का?"

"न्हाई. इथं घातलं म्हणून तिथनं काढलं."

"संपादकांना लिहावं लागेल. चूक झाली म्हणून. दुरुस्ती छापतात ते."

"राहू द्या ना, बाई, एवढं." सोपान रडू लागला होता. "कुणाचं काय जातंय?"

"तुझं जातंय. उद्या तुझ्या हाताखाली पोरं येतील, गुणी पोरं. तीही आदरानं तुझं नाव वर घालतील, आणि तू घालून घेशील. कारण ते गोड लागतं." बाईंनी चष्मा काढला. "किती गोड लागतं ते मला आत्ता कळलं. या वयात."

मी मध्ये पडलो. म्हणालो, बाई, आता कशाला हा हट्ट, असू द्या. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी मुकाट्यानं टेबलावरचा कागद ओढला. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. तीन वाक्यं. श्रीमती निमकर यांनी या संशोधनात भाग घेतलेला नाही. त्यांचं नाव लेखकांमधून काढून आभारात घालावं. विनंती त्यांची स्वतःची आहे. अण्णांनी कागदाखाली वही धरली आणि बाईंनी सही केली. ती दुरुस्ती पुढे खरंच छापून आली, पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात. ती बाईंना दाखवता आली नाही.

त्या दिवशी आम्ही निघायला उठलो तेव्हा सोपाननं अंक उचलायला हात पुढे केला. बाईंनी तो सोडला नाही. पुन्हा चष्मा लावला आणि ते पान डोळ्यांजवळ नेलं.

"दिसतं मात्र झोकात," त्या म्हणाल्या.

मग अंक मिटून त्यांनी सोपानच्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या. मला त्यांचा चेहरा दिसला नाही.